दोऱ्यावरचा तारा

७ डिसेंबर २००३

कॅमेरा झाला एकदाचा. साधा वेबकॅम खोलला आणि त्याचं पुढचं भिंग काढून टाकलं. फोटो स्टुडिओत फिल्मच्या रोलच्या काळ्या डब्या रिकाम्या पडलेल्या असतात, त्यातली एक मागून आणली होती. दुर्बिणीच्या ज्या नळीला आपण डोळा लावतो, तिथे ही डबी अगदी मापात बसते. तळ कापून त्यात कॅमेरा बसवला, वरून काळी टेप गुंडाळली. दिसतं खेळण्यासारखं. पण चंद्राच्या कडेचे खड्डे कॉम्प्युटरच्या पडद्यावर थरथरत आले तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण रमाताई जिन्यात उभ्या होत्या. "त्या नळकांड्यात एवढं काय आहे?" म्हणाल्या आणि खाली गेल्या.

आता खरं काम. पुढच्या ८ जूनला शुक्र सूर्यावरून सरकत जाणार आहे, एकशे बावीस वर्षांनी. शाळेतल्या मुलींना मी तो पडद्यावर दाखवणार असं प्राचार्यांना सांगून बसले आहे. त्यासाठी दुर्बीण आकाशाबरोबर फिरायला हवी. मोटर आहे, पण तिचा आस नेमका ध्रुवाकडे रोखलेला नसला तर काही उपयोग नाही. पकडलेला तारा हळूहळू निसटून जातो. आणि आपल्या गच्चीवरून ध्रुव दिसतच नाही. रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या चौबे कॉलनीत जिकडेतिकडे मजले चढताहेत. आमच्या उत्तरेला तर पाच मजली इमारत उभी झाली.

ध्रुव न दिसता आस जुळवायची एक रीत आहे. दक्षिणेकडचा तारा पडद्याच्या मधोमध आणायचा आणि तो कोणत्या बाजूला सरकतो ते बघत स्क्रू फिरवायचे. सरकणं थांबलं की आस जुळला. अडचण एवढीच की दोन माणसं लागतात, एक पडद्यापाशी, एक स्क्रूपाशी. हे तर नोकरीला भोपाळला. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा सरकारी नोकरांच्या वाटणीत यांचं नाव मध्यप्रदेशाच्या यादीत गेलं आणि माझी शाळा इथं राहिली, त्याला आता तीन वर्षं झाली. घरात मी आणि यांच्या मोठ्या बहीण रमाताई. त्यांना विचारायचा प्रश्नच नाही.

१४ डिसेंबर

रमाताई स्वतःच म्हणाल्या.

मी एकटीच गच्चीवरून जिन्याच्या खोलीतल्या पडद्याकडे आणि तिथून परत गच्चीवर पळत होते. त्या स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून वर आल्या. "काहून वो, सांगायले कोणी पाहिजे ना तुले? मी बसते तिथं."

थंडी फार असते, असं मी म्हटलं. "खाली एकटीले कोणती ऊब आहे?" म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या.

रेल्वेच्या हिशेब खात्यात तीस वर्षं काढलेली बाई. पडद्याच्या काचेवर मी मधोमध उभा काळा दोरा चिकटवला आहे. कॅमेरा असा बसवलाय की आस चुकलेला असला तर तारा दोऱ्यापासून डावीकडे नाहीतर उजवीकडे जातो. एकदा सांगितलं, त्यांना समजलं. "उजवीकडं... उजवीकडं... बस." आवाज कचेरीतल्यासारखा. मी अंधारात स्क्रू फिरवत होते. चोवीस वर्षांत आम्ही दोघींनी मिळून पहिल्यांदाच काही केलं असेल. पापडसुद्धा आम्ही वेगवेगळे लाटतो.

२१ डिसेंबर

कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे. तारा उजवीकडे गेला की रमाताई बरोबर सांगतात. पण मध्येच "गेला" म्हणतात. कुठे गेला? "नाही दिसत. विझला." मी आत जाईपर्यंत पडद्यावर खरंच काही नसतं, मग पुन्हा पहिल्यापासून. तार सैल असावी. उद्या डाग देऊन बघते.

आज पुन्हा त्यांनी ताटात अर्धी भाकरी टाकली. वांग्याची भाजी तर शिवलीही नाही. भाकरी त्यांनीच थापली होती, भाजी माझी. समजायचं ते समजले.

३ जानेवारी २००४

नवी डबी कापली, तार बदलली. तरी तेच, "गेला."

रमाताईंनी पेपर बंद करायला सांगितला. नागपूरहून येणारा मराठी पेपर त्या वीस वर्षांपासून वाचतात. म्हणे आता कोणीही लिहून राहिलं, वाक्याले सुरुवातच नाही. मी वाचून पाहिला. मला काही वेगळं वाटलं नाही. त्यांच्या लक्षात आणून दिलं तर म्हणाल्या, "तुले कायले वाटेल? तू तर वरचं वाचते." आणि वर बोट केलं. हसल्यासुद्धा.

पदर दोनदा खांद्यावरून घसरला तरी त्यांना पत्ता नव्हता. एवढ्या टापटिपीची बाई. वय होतं माणसाचं.

११ जानेवारी

आज मी रमाताईंवर ओरडले.

चार आठवडे त्यांच्या सांगण्यावरून मी स्क्रू फिरवते आहे आणि आस सुधारायच्या ऐवजी बिघडतो आहे. आज उंचीचा स्क्रू शेवटापर्यंत गेला, पुढे फिरेना. म्हणजे सगळा महिना उलटीकडे गेला. आत जाऊन म्हटलं, तुमचं लक्षच नसतं, बसायचं नसेल तर बसू नका, पण खोटं सांगू नका.

त्यांनी उत्तर दिलं नाही. तेच मला लागलं. उत्तर न देणं त्यांच्यात नाही. उठताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर जोरात आपटला.  खाली गेल्यावर बराच वेळ डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने एकेक करून दाबत बसल्या होत्या.

१२ जानेवारी

संध्याकाळी मी वर गेले तर रमाताई माझ्या आधीच खुर्चीत. मफलर, स्वेटर, मांडीवर शाल. "चालू कर," म्हणाल्या.

माफी मागावी असं मनात आलं. पण त्यांच्याशी तसं बोलायची सवय नाही. मोटर चालू केली.

२५ जानेवारी

शेजारच्या कलावतीकाकू भाजीवाल्यापाशी भेटल्या. म्हणाल्या, रमाबाई सगळ्या पाऱ्यात, घरोघर सांगत फिरतात की आमच्या पद्मजानं घरात कॅमेरा बनवला, जूनमध्ये सूर्य घरात आणणार आहे.

मला खरं वाटलं नाही. माझ्यासमोर तर अजून "नळकांडं"च म्हणतात.

८ फेब्रुवारी

लिहावं की नाही, कळत नाही.

मृगाच्या बाणातला वरचा तारा धरला होता. टॉर्चचे सेल घ्यायला मी खोलीत आले आणि सहज पडद्याकडे बघितलं. तारा तिथेच होता, दोऱ्याच्या डावीकडे वीतभर, चांगला ठळक.

"ताई, तारा कुठंय?"

"गेला. मघाच गेला."

"तो काय तिथं."

"कुठं?"

मी काचेवर बोट ठेवलं. त्यांनी दोऱ्यापर्यंत बघितलं आणि थांबल्या. त्यांची नजर दोऱ्यापलीकडे जातच नव्हती, जणू पडदा तिथंच संपत होता.  का केलं माहीत नाही, पण मी त्यांची खुर्ची धरून डावीकडे फिरवली. सगळा पडदा त्यांच्या उजव्या बाजूला आला आणि त्या दचकल्या.

"अरे. हा आता कुठून आला?"

तो इथंच होता, असं मी म्हटलं. त्या बराच वेळ ताऱ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पद्मजा, पेपरही असाच अर्धा होऊन राहिला का?"

 अर्ध्या भाकऱ्या, पदर, चौकट, सगळं एकामागून एक समोर आलं. दोन महिने मी कॅमेरा दुरुस्त करत होते.

११ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कागदावर फूल काढून तसंच काढायला सांगितलं. रमाताईंनी उजव्या बाजूच्या पाकळ्या काढल्या आणि पेन खाली ठेवलं. झालं, म्हणाल्या.

"आँखें ठीक हैं," डॉक्टर मला म्हणाले. "दिमाग़ बायीं तरफ़ को भूल रहा है।" पहिल्यांदा कधी लक्षात आलं, असं विचारलं. मी ताऱ्याचं सांगितलं. ते लिहायचे थांबले आणि त्यांनी मला ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

स्कॅनमध्ये उजव्या बाजूला गाठ आहे. नागपूरला न्या म्हणाले. रात्री यांना फोन केला.  आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे होते आणि ताई वीसच्या. यांचं शिक्षण, आमचं लग्न, सगळं ताईंनी केलं. स्वतःचं राहून गेलं.

२७ फेब्रुवारी, नागपूर

ऑपरेशन झालं. सगळी गाठ निघाली नाही, निघण्यासारखी नव्हती. गाठ कसली आहे ते डॉक्टरांनी सांगितलं. मी ते नाव इथे लिहिणार नाही.

हे भोपाळहून थेट आले. दवाखान्यात खाटेच्या डाव्या बाजूला उभे राहून ताईंचा हात धरून होते. ताई मला विचारत होत्या, "श्याम आला नाही का? सुट्टी नाही भेटली त्याले?" हे माझ्याकडे बघायला लागले. मी यांचं कोपर धरून खाटेला वळसा घालून या बाजूला आणलं. "आला का तू," ताई म्हणाल्या, "केव्हाची वाट पाहून राहिली."

नंतर हे बाहेरच्या बाकावर तोंड झाकून बसले. मी शेजारी बसले. आमच्यात तीन वर्षांत एवढं जवळ बसणं झालं नव्हतं.

२८ मार्च

रायपूरला परत आलो. रेडिएशनचे शेक संपले. डोक्यावर केस नाहीत, रुमाल बांधतात. डावा पाय ओढत चालतात. शाळेत मी बिनपगारी रजा टाकली. हे दर शनिवारी येतील.

ताईंनी घरात पाय ठेवताच विचारलं, "तुझा आस कुठवर आला?"

म्हटलं, राहू द्या आता ते. त्यावर एकदम जुना आवाज निघाला. "शाळेतल्या पोट्ट्यायले काय सांगशील मग? जून काय थांबून राहते का?"

पण जिना त्यांना चढणार नाही.

११ एप्रिल

आज दुर्बीण गच्चीवरून खाली आणली. कलावतीकाकूंच्या मुलाने जड भाग उचलून दिला. मागच्या अंगणात विटांचा ओटा करून त्यावर स्टँड ठेवला. ताईंच्या खोलीची खिडकी समोरच आहे, कॅमेऱ्याची तार तिथपर्यंत पोचते, म्हणून कॉम्प्युटर त्यांच्या खाटेपाशी मांडला. वर जे काही थोडं जुळत आलं होतं ते गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

दुपारभर डबी हातात घेऊन विचार करत होते. डावं-उजवं ताईंना जमणार नाही. पण तारा डावीकडेच गेला पाहिजे असं थोडंच आहे? डबी नळीत पाव वेढा फिरवली की तोच तारा वर-खाली सरकतो. फिरवली. काचेवरचा उभा दोरा काढून टाकला आणि पडद्याच्या उजव्या भागात आडवा चिकटवला. मोजून, जिथपर्यंत त्यांची नजर पोचते त्याच्या आत.

संध्याकाळी उशीला टेकवून त्यांना बसवलं. "आता कसं?"

"वर चालला," म्हणाल्या. "वर... वर... थांब."

एकदाही "गेला" म्हणाल्या नाहीत. अंगणात माझे डोळे भरून आले. अंधार होता म्हणून बरं.

१८ एप्रिल

दिवसभर घर तापतं. कूलर लावून ठेवते. ताई बराच वेळ झोपतात, उठल्या की दिवस मावळला का विचारतात. मावळला की अंगात जीव येतो. आज मघा नक्षत्रातला ठळक तारा धरला होता. स्क्रू फिरवताना मी विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही येत का ताई? खिडकीतून म्हणाल्या, "तुझ्या लग्नापासून मले तुझ्याशी काय बोलावं हेच सुचे नाही. तू शिकलेली, मी दरडावणारी. याच्यात बरं आहे. वर म्हणायचं, खाली म्हणायचं."

मी स्क्रू हातात धरून तशीच उभी राहिले. मला वाटत आलं होतं की चोवीस वर्षं त्या माझी परीक्षा घेत आहेत. पोर झालं नाही तेव्हा सगळे बोलले, एक त्याच बोलल्या नाहीत. ते न बोलणं मी आजवर त्यांच्या विरुद्धच मांडत आले.

"दिसून राहिला का?" मी विचारलं. माझ्या तोंडून त्यांचीच बोली आली.

"हव. खाली चालला थोडा."

२५ एप्रिल

जुळला.

तारा दोऱ्यावर आला आणि उभा राहिला. मी ओट्यावर बसले, वाट बघितली. ताई म्हणत होत्या, "आहे. आहे. हलत नाही. तिथंच आहे." मी आत गेले, दोघींनी मिळून बघितलं. दोरा आणि त्याला चिकटून ताऱ्याचा ठिपका. ताईंनी उजव्या हाताने माझा दंड धरला.

मग म्हणाल्या, "झालं तर तुझं. उद्यापासून मी नाही लागत."

मी म्हटलं, "कुठं झालं? अजून थोडं राहिलंय. शुक्राच्या वेळी केसाइतकाही फरक चालणार नाही. रोज बघावं लागेल."

शुक्रासाठी एवढं पुष्कळ आहे. मी खोटं बोलले. त्यांनी मान हलवली. "मग रोज बघू."

२ मे

हे येऊन गेले. ताईंचा डावा हात आता उचलत नाही.

एक कळत नाही. जुळलेला तारा पुन्हा सरकायला लागला. काल ताईंनी वर सांगितला, आज खाली. स्क्रूला मी हात लावलेला नाही. उन्हाने विटा सरकल्या असतील म्हणून ओटा पाहिला, पाणसळ लावून पाहिली, बरोबर आहे. मोटरही नीट चालते. उद्या दिवसा पुन्हा सगळं तपासते.

९ मे

सगळं तपासलं. काहीच बिघडलेलं नाही.

संध्याकाळी मोटर चालू करून मी अंगणात उभी होते. "सरकून राहिला," खिडकीतून ताईंचा आवाज आला. मी चपला काढून मागच्या दाराने आत आले आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले. त्या बाजूची मी त्यांना दिसत नाही.

तारा दोऱ्यावर होता. बराच वेळ बघितलं, जरासुद्धा हलत नव्हता. ताई त्याच्याकडे डोळे लावून होत्या. खिडकीकडे तोंड करून, बाहेर मी आहे असं समजून, पुन्हा म्हणाल्या, "पद्मजा, वर चालला बरं."

मी आले तशीच बाहेर गेले. स्क्रूवर हात ठेवला.

"किती?"

"केसभर."

मी हात तसाच ठेवला. फिरवला नाही. थोड्या वेळाने विचारलं, "आता?"

"आता बरा आहे," ताई म्हणाल्या. "पण जाईल परत. उद्या बघावं लागेल."

"बघू ना उद्या," मी म्हटलं.

२१ मे

तीन दिवसांपासून उठून बसवत नाही. पडदा बंद आहे. मी त्यांच्या उजव्या हाताला बसून असते, तिथं असले की दिसते. बाजूला काही आणायला गेले की हाक येते. आज हाकही आली नाही, नुसता हात चादरीवर माझी जागा चाचपत होता.

डॉक्टर घरी येऊन गेले. यांना बोलावून घ्या म्हणाले, आजच.

३० मे

रमाताई काल सकाळी गेल्या. हे जवळ होते, त्यांना दिसतील असे, उजवीकडे. मी पाणी आणायला उठले होते. तेवढ्यात.

८ जून

आज अकरावा. सकाळपासून भटजी, पिंड, कावळ्याची वाट. दुपारी सगळे गेल्यावर मी अंगण झाडायला घेतलं. ऊन मी म्हणत होतं. ओट्यावर दुर्बीण चादरीखाली झाकलेली तशीच उभी होती. त्या वेळी शुक्र सूर्यावरून चाललेला असणार. प्राचार्यांना आधीच कळवलं होतं की जमणार नाही. चादर काढली नाही.

हे मागच्या पायरीवर येऊन बसले. यांनी इथं बदलीसाठी केलेल्या अर्जाचं काही झालेलं नाही, परवा भोपाळला परत जायचं आहे. भोपाळला चल, असं कालपासून दोनदा म्हणाले. शाळा सुरू होईल, असं मी सांगितलं. आजही तेच बोलतील असं वाटलं, पण हे ओट्याकडे बघत होते.

"ताई फोनवर रोज त्याचंच सांगायची," हे म्हणाले. "आज इतकं सरकलं, आज तितकं सरकलं. जुळलं होतं का गं ते शेवटी?"

मी केरसुणी बाजूला ठेवली.

"नाही," मी म्हटलं. "थोडं राहिलं होतं."